आईंच्या पंगतीतला मासा

आमच्या वारज्याच्या घरात आता माशांची टाकी नाही. तिच्या जागी प्रिंटर बसलाय, आणि मला त्याचं तोंड बघवत नाही.

सासरे गेल्यावर सासूबाईंचं जेवण जवळजवळ सुटलंच होतं. पानावर बसायच्या, चार शितं चिवडायच्या आणि उठायच्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, असंच चाललं तर अवघड आहे. मी धिरडी केली, सांजा केला, चिडलेसुद्धा. उपयोग शून्य.

त्यातच लेकीने गोड्या पाण्यातला पफर मासा आणला. वाटाण्याएवढा जीव, हिरवट अंगावर काळे ठिपके, घाबरला की टुम्म फुगायचा. दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो म्हणून एकटाच ठेवायचा. त्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरायचे. "मेला थेट तुझ्या सासऱ्यांसारखा," आई म्हणाल्या. "एक डोळा पेपरात, एक माझ्यावर."

पण तोही खाईना! दुकानातल्या गोळ्या तोंडात घ्यायचा आणि थुंकायचा. आईंनी गुपचूप आपल्या पानातला वरणभात टाकीत सोडला. पाण्यावर तुपाचा तवंग. लेकीने कपाळाला हात लावला. "अगं आजी, त्याला गोगलगायी लागतात. जिवंत!"

आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. मला वाटलं, आता मासा घराबाहेर. पण आईंनी त्याचं खपाटीला गेलेलं पोट बघितलं आणि मला खालच्या काकूंच्या कमळाच्या कुंडीतल्या बारीक गोगलगायी आणायला पिटाळलं. मी गोगलगायी टाकीत सोडल्या तेव्हा त्यांनी डोळ्यांवर पदर घेतला, फटीतून मात्र बघितलंच. "खाल्लं गं बाई!" त्या दुपारी त्यांनी पोळी मागून घेतली.

मग रीतच पडली. आधी त्याला वाढायचं, मग आईंनी पान घ्यायचं. एकादशीला दोघांनाही उपास. लेक म्हणाली, पफरला अधूनमधून तो चांगलाच असतो.

एका सकाळी मासा तळाशी निपचित पडलेला दिसला. आई खाली भजनाला गेल्या होत्या. मला काळजी माशाची नव्हती, आईंच्या जेवणाची होती. लेकीने स्कूटर काढली आणि स्वारगेटजवळच्या दुकानातून हुबेहूब तसाच आणून सोडला.

आईंनी चष्मा नीट केला. "मला काय खुळी समजता? आपला गेला, होय ना?"

मला रडूच फुटलं. त्याही डोळे पुसत टाकीसमोर बसून राहिल्या. जेवणाची वेळ टळून गेली. पान वाढू का, हे विचारायचाही मला धीर होईना. नवा मासा कोपऱ्यात फुगून बसला होता.

"अगं, बघत काय उभी राहिलीस?" आई एकदम म्हणाल्या. "घाबरलंय ते लेकरू. जा, गोगलगायी आण. आणि माझं पान इथेच वाढ. एकट्याला घास उतरत नाही गं."

इतकी वर्षं मी त्यांना आधी वाढून स्वयंपाकघरात आवराआवर करत राहायचे. त्या दिवशी मी माझंही पान तिथेच घेतलं.