पंगत उठली नाही

माझ्या साडूभाऊंसोबत एकदा जेवायला बसलेला माणूस पुन्हा म्हणून त्यांच्या शेजारी बसत नाही, हे मी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांच्या वतीनं छातीठोक सांगू शकतो. ते भांडखोर नाहीत. खादाड तर मुळीच नाहीत, तीन पोळ्या आणि मूठभर भात एवढंच त्यांचं जेवण. पण त्यांच्या पंगतीतून वेळेवर उठणं कोणाच्या नशिबी नाही. मी पडलो शाळामास्तर. मधल्या सुट्टीच्या सात मिनिटांत डबा संपवायची सवय माझ्या अंगात मुरलेली. आणि साडू मिळाला तो असा! आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे सण असो, बारसं असो, हा भोग मी चाळीस वर्षं भोगला. किती वेळा वाटलं, उपाशी राहावं पण या माणसाच्या रांगेत बसू नये.

त्यांचा नियम एकच. पंगतीत सगळ्यात हळू जेवणारा जो कोणी असेल, त्याचं आटोपेपर्यंत कोणीही उठायचं नाही. आणि त्या बिचाऱ्याला आपल्यासाठी लोक खोळंबले आहेत असं वाटू नये, म्हणून साडूभाऊ आपल्या ताटात शेवटचा एक घास राखून ठेवायचे. तो घास उचलायचा, वरणात फिरवायचा, पुन्हा खाली ठेवायचा, मिठाला लावायचा, परत ठेवायचा. हे इतकं सराईतपणे चालायचं की समोरच्या दात पडलेल्या म्हाताऱ्यालाही वाटावं, हा गडी आपल्यापेक्षा मंद दिसतो. मधेच कोणी बूड हलवलं की यांचा आवाज यायचा, "बसा ना जी! पंगत उठली नाई आखीन!" राजुऱ्याजवळच्या कोळशाच्या खाणीत त्यांनी तीस वर्षं डंपर चालवला. त्या डंपरच्या घरघरीवरून ओरडायची सवय असलेला गळा. उठलेला माणूस खाली बसायचाच.

एकदा भर आषाढात त्यांच्या पुतणीचा साखरपुडा होता. पाहुणे भामरागडकडचे. आभाळ गच्च भरलेलं. मुलाचा बाप हात जोडून विनवत होता, "निघू द्या आता, नदी चढून राह्यली." पण पंगतीच्या टोकाला एक आजोबा बुंदीचा एकेक दाणा चघळत बसले होते, आणि साडूभाऊंचा घास वरणात फिरत होता. व्हायचं तेच झालं. पाहुण्यांची गाडी पोचेपर्यंत भामरागडच्या अलीकडचा पूल पाण्याखाली गेला आणि सगळं वऱ्हाड परत आलं ते तीन दिवस राहिलं. घरातल्या बायका आलू-वांगं चिरून चिरून रडकुंडीला आल्या. साडूभाऊ मात्र खूश. "वाईट काय झालं जी? आखीन सहा पंगती झाल्या ना!"

या हट्टाचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी फारच चिडलो होतो म्हणून. त्यांचे वडील लहान असताना गावच्या जेवणावळीत आपल्या वस्तीतल्या लोकांना दूर, गोठ्यापलीकडे बसवत. पत्रावळी मांडल्या, मीठ वाढलं. तेवढ्यात तिकडची पंगत उठली, आणि वाढपी भांडी घेऊन निघून गेले. इकडची मुलं मिठाकडे बघत बसून राहिली. पुढे सगळी वस्ती बुद्धाच्या वाटेला लागली आणि वस्तीतलं पहिलं लग्न झालं, तेव्हा वडिलांनी उभं राहून सांगितलं, आजपासून आपल्या पंगतीत शेवटचा माणूस जेवल्याशिवाय पहिला उठणार नाही. वडील गेले, नियम साडूभाऊंकडे आला. ऐकून माझा राग उतरला खरा. पण खरं सांगायचं तर पुढच्या लग्नात पुन्हा घड्याळ बघतच होतो.

बाई म्हणजे त्यांच्या पत्नी. माझी बायको मोठ्या बहिणीला बाई म्हणते, म्हणून मीही बाईच म्हणतो. बाई चटपटीत, जेवणात नवऱ्यापेक्षा दुप्पट वेगाच्या, आणि तोंडात सतत तंबाखू-सुपारीचा खर्रा. आमच्याकडे खर्रा खात नाही असं घर दाखवा, मी त्या घराला नमस्कार करीन. बाईंच्या जिभेवर फोड आला, तो बरा होईना, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की जीभ काढावी लागेल. जवळजवळ सगळी. तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची. त्यांची मुलगी नागपुरातच नर्स आहे. रडणं वगैरे तिनं आधीच उरकून घेतलं असावं, कारण आमच्याशी बोलली ती सरळ बोलली. "मावसाजी, आईच्या जिभेले आखीन वीस दिवस आहेत. तेवढ्यात तिले काय काय खाऊ घालता येते ते पाहू." बाईंनी कधीकाळी टीव्हीवर मोठ्या जहाजावरची भरलेली टेबलं पाहून म्हटलं होतं, "इथी तं रोजच लगन आहे." पोरीनं ते लक्षात ठेवलेलं. तिनं मुंबईहून निघणाऱ्या जहाजाची पाच दिवसांची तिकिटं काढली, आईबापाची आणि सोबत म्हणून आम्हा दोघांची.

जहाज पाहून साडूभाऊ पहिल्यांदा काय म्हणाले असतील? "एवढी मोठी गाडी, अन् रिव्हर्स घेताना मागं कोनी उभा नाई!" पहिल्या दिवशी ते ड्रायव्हरला भेटायला म्हणून तीन मजले चढले आणि एका गणवेशवाल्यानं त्यांना गोडीनं परत आणून सोडलं. केबिनमध्ये पलंगावर टॉवेलाचा हत्ती करून ठेवला होता. तो मोडायला बाईंचं मन होईना. मग हत्ती खुर्चीवर बसला आणि दोघांनी पाच दिवस अंग साडूभाऊंच्या खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसलं.

पण जेवणाची खोली! मी आयुष्यात इतकं अन्न एका जागी पाहिलं नव्हतं. पंजाबी एकीकडे, गुजराती एकीकडे, नूडल्स, पिझ्झा, नऊ तऱ्हेचे हलवे, कलिंगडात कोरलेला मोर. आणि बाईंना तिखट चालेना, गरम चालेना, कडक चालेना. त्या ताट घेऊन सगळ्या टेबलांवरून हिंडायच्या, प्रत्येक पातेल्यात डोकावून वास घ्यायच्या आणि शेवटी दहीभाताची वाटी घेऊन यायच्या. एका वाटीला सव्वा तास. घास गालात धरून बसायच्या, डोळ्यांत पाणी यायचं, गिळायच्या, आणि आमच्याकडे बघून हसायच्या. ते हसणं मला बघवत नसे. मी ताट संपवून डेकवर सटकायचा प्रयत्न करी आणि साडूभाऊंचा हात माझ्या मनगटावर पडे.

त्यात ते टेबल आठजणांचं. साडूभाऊंच्या लेखी त्या टेबलावर जो बसला तो पंगतीत आला. एक सुरती कुटुंब एकेक करून यायचं, आधी आजी, मग सून, मग मुलगा. आजीचं होईपर्यंत मुलाचं सुरू. पहिल्या दिवशी आम्ही नाश्त्याला बसलो ते दुपारचं जेवण मांडेपर्यंत उठलो नाही. एका वेटरनं पुरीचा तुकडाच उरलाय म्हणून त्यांचं ताट उचललं, तर हे त्याच्यामागे धावले. "भैया, रखो रखो! पंगत उठी नहीं अभी!" तो चाळिशीतला गृहस्थ भला निघाला. दुसऱ्या दिवसापासून तो साडूभाऊंच्या तुकड्यावर बशी झाकून ठेवायचा आणि बाकीच्यांना सांगायचा, इसको हाथ मत लगाना.

करमणुकीचे कार्यक्रम म्हणाल तर आम्ही ते कानांनी पाहिले. जादूचे प्रयोग झाले, आम्हाला टाळ्या ऐकू आल्या. तंबोल्याचं तिकीट साडूभाऊंनी घेऊन ठेवलं होतं. आकडे स्पीकरवरून पुकारले जात होते आणि ते टेबलावर खुणा करत होते. शेवटचा आकडा लागला, सगळं तिकीट भरलं. मी ओरडलो, "भाऊ, पळा! बक्षीस आहे!" त्यांनी बाईंच्या वाटीकडे पाहिलं. अर्धी उरली होती. "लागू द्या जी दुसऱ्याले," म्हणाले, आणि तिकिटाची घडी घालून खिशात ठेवली.

बंदरांचंही तेच. गोव्याला सहलीची बस नाश्त्याच्या पायी सुटली. मग आम्ही गोवा पाहिला तो बंदराच्या फाटकापर्यंत, तिथे टोप्यांचं एक दुकान होतं. कोचीला कसेबसे उतरलो. पाण्यावर झुकलेली ती भलीमोठी जाळी पाहून साडूभाऊ म्हणाले, "एवढ्या खटाटोपात मासे पाचच? आपल्या वर्धा नदीत पोट्टे धोतरात याहून जास्त धरतात." बाई खूप हसल्या आणि हसताना जीभ दुखली म्हणून तोंड धरून खाली बसल्या. मी माझ्या बायकोला म्हटलं, ही सहल नाही, शिक्षा आहे. कोणाला, ते मला सांगता आलं नाही.

चौथ्या दिवशी जहाज लक्षद्वीपच्या एका बेटापाशी थांबलं. तिथे लहान बोटींनी किनाऱ्यावर जायचं. पांढरी वाळू, पोपटी पाणी. बाईंनी चपला हातात घेतल्या आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या. झाडाखाली एक शहाळेवाली शहाळी फोडून देत होती. पाणी प्यायल्यावर तिनं आतली कोवळी मलई खरवडून दिली. गार, मऊ, जिभेला न लागता उतरणारी. बाईंनी एक चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. मग दुसरा. तिसरा. त्यांनी ते शहाळं संपवलं आणि गेल्या कित्येक महिन्यांत मी जे ऐकलं नव्हतं ते म्हणाल्या, "आखीन आहे का जी?"

साडूभाऊंचं तोंड मी तेव्हा पाहायला हवं होतं. पण मी बोटीकडे पाहत होतो. शेवटची फेरी होती, बोटवाला हाका मारत होता, सुरतचं कुटुंब चढून बसलं होतं आणि त्यातली सून आमच्याकडे बोट दाखवून काही बोलत होती. बाईंनी दुसरं शहाळं घेतलं. निम्मं झालं होतं. साडूभाऊ आपल्या वाटणीची खोबऱ्याची शेवटची फोड हातात घोळवत वाळूत मांडी घालून बसलेले. मी म्हटलं, "भाऊ, उठा." ते म्हणाले, "थांबा ना गुरुजी. खाऊ द्या तिले. थांबते बोट." तेव्हा मी त्यांना सोडलं आणि बाईंचा हात धरला. "बाई, चला. लोक खोळंबले आपल्यासाठी."

बाई लगेच उठल्या. "हो जी, चला," म्हणाल्या, जणू त्यांचीच चूक होती. अर्धं शहाळं त्यांनी वाळूत नीट उभं करून ठेवलं, सांडू नये म्हणून. साडूभाऊ उठले. हातातली फोड त्यांनी दुपट्ट्याच्या टोकाला बांधली. आम्ही बोटीत बसलो. आणि बोट तिथेच उभी राहिली, पंचवीस मिनिटं, कारण चार-पाच तरुण मंडळी पलीकडच्या टोकाला फोटो काढत राहिली होती. बाई मांडीवर हात ठेवून किनाऱ्याकडे बघत होत्या. शहाळं बोटीतून दिसत होतं. मी घड्याळ बघितलं नाही.

परतल्यावर ऑपरेशन झालं. नाकातून नळी घातली, नळीतून पातळ पेज. एका वेळचं उतरायला पाऊण तास लागे. तो पाऊण तास साडूभाऊ खाटेशेजारी ताट घेऊन बसत. मुलगी म्हणे, "बाबा, जेवून घ्या ना." ते घास वरणात फिरवत आणि नळीकडे बघत. सात महिने त्यांनी अशी पंगत सांभाळली. मग बाई गेल्या. त्या बेटानंतर त्यांनी कोणतीही गोष्ट पुन्हा मागितली नाही, हे माझ्या बायकोनं मला सांगितलं. तिला ते सहज आठवलं होतं. माझ्या जिवाचं काय झालं ते मी तिला सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात एका कामासाठी राजुऱ्याला गेलो होतो. दुपारी त्यांच्याकडे डोकावलो. साडूभाऊ ओट्याशी उभे राहून जेवत होते. उभ्यानं! पातेल्यातलंच वरण भातावर ओतलेलं, चार घासांत ताट रिकामं, शेवटचा घासही गिळून टाकलेला. मी दारातच थबकलो. ते ओशाळले. म्हणाले, "आता कोनासाठी बसू जी? पटकन होऊन जाते." चाळीस वर्षं मी या माणसाकडून एवढंच मागत होतो की बाबा रे, लवकर आटप. आणि आता ते ऐकून मला भडभडून आलं.

मी चपला काढल्या, फडताळातली दोन ताटं काढली आणि जमिनीवर मांडली. म्हटलं, "मले भूक लागली आहे. अन् मी एकटा जेवत नाही. थोडा भात घ्या."

ते बसले. त्यांनी मीठ वाढलं, भात वाढला, वरण वाढलं. मी जेवायला लागलो. एकेक शीत उचलू लागलो. भात गार झाला, वरणावर साय धरली, मी आपला शीत शोधतोय. थोड्या वेळानं ते म्हणाले, "गुरुजी, तब्येत बरी नाई का? लय हळू जेवून राह्यले आज." मी म्हटलं, "दात दुखते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या ताटाकडे. त्यांच्या ताटात एक घास उरला होता. तो त्यांनी उचलला, वरणात फिरवला आणि पुन्हा खाली ठेवला.

माझी बस साडेचारची होती. त्यांचं घर स्टँडच्या मागेच आहे. बस सुटल्याचा हॉर्न आम्हा दोघांनाही स्वच्छ ऐकू आला. कोणी उठलं नाही.