मुरुडजवळ गोड्या पाण्याचे दोन हंडे

अलिबागहून मुरुडची एसटी धरली तेव्हा माझ्या मांडीवर चादरीत गुंडाळलेली लांब नळी होती. कंडक्टर तिकीट फाडताना म्हणाला, "ताई, तोफ हाय का? किल्ल्यावर न्यायची दिसते."

नळीत मेंब्रेन (पाण्यातला क्षार अडवणारा पडदा) होतं. गाळ चिकटू नये म्हणून आमच्या प्रयोगशाळेत त्यावर नवा लेप दिला होता. प्रयोगशाळेबाहेर त्याची ही पहिलीच परीक्षा.

रेवदंड्याची खाडी ओलांडली, काशीदला समुद्र अगदी रस्त्याला येऊन भिडला, आणि मुरुडच्या पुढे एका कोळीवाड्यात मी उतरले. तिथल्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ (खारट) होतं. बचतगटाच्या हिराबाई ते पाणी गाळून गोडं करायचं यंत्र चालवत. जुना पडदा गाळाने चोंदला होता आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या पुतणीची हळद होती.

तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊन नवा पडदा बसवला. नळाला छान धार लागली. दोन हंडे भरले आणि धार करंगळीएवढी झाली. मी पंप बंद केला.

"आता काय करायचा?" हिराबाईंनी विचारलं.

"पडद्यावर गाळ साचलाय. गोड्या पाण्याने जोरात धुतला तर निघेल बहुतेक."

"गोडा पानी हाय कुठं? हे दोन हंडेच."

"हेच लागतील."

हिराबाईंनी हंड्यांकडे पाहिलं. "न्हाय निघाला तर?"

"तर हळदीला टँकर शोधावा लागेल," मी खरं ते सांगितलं.

त्यांनी पदर खोचला आणि दोन्ही हंडे स्वतःच पडदा धुण्याच्या टाकीत रिकामे केले. पंप सुरू केला. आधी चहासारखं गढूळ पाणी बाहेर आलं, मग निवळ. नळ पुन्हा उघडला तर पहिल्यासारखी धार. गाळ साचला होता, पण लेपाने तो चिकटू दिला नव्हता. संध्याकाळपर्यंत पडदा धूत, पाणी भरत बचतगटाच्या बायकांनी हळदीसाठी पिण्याच्या पाण्याची टाकी भरली.

हिराबाईंच्या सासऱ्यांनी घोटभर पिऊन तोंड वाकडं केलं. "पान्याला चवच न्हाय."

"व्हय मामंजी, म्हनूनच गोड हाय," हिराबाई म्हणाल्या. मला त्यांनी हळदीला ठेवूनच घेतलं.

परतीच्या एसटीत, अंगाला हळदीचा वास घेऊन, मी खिडकीशी बसले. प्रयोगशाळेत आम्ही पडदा हव्या तेवढ्या पाण्याने धूत होतो. ते पाणी येतं कुठून, हे कुणी विचारलं नव्हतं. आता आमचं काम बदललं आहे. तोच पडदा एका तांब्याभर पाण्यात कसा धुता येईल, ते आम्ही शोधतो आहोत.