तानाबाई गोड बोलू लागतात

आमच्या शुक्रवार पेठेतल्या गल्लीत तानाबाईंचा आवाज चढला की सकाळ होते. कडक भाकऱ्या थापता थापता त्या नवऱ्याला, नळाला आणि पोराला एकाच दमात झापतात. मलाही कारण नसताना झापतात आणि वर गरम भाकरी हातावर ठेवतात.

त्यांचा पोरगा युवराज मध्यंतरी मनाच्या आजारानं दवाखान्यात होता. गोळ्यांनी सावरला. चादरीच्या दुकानातली त्याची जागा मालकानं सोमवारपर्यंत राखली होती. पुनर्वसन केंद्राच्या राजनंदिनी मॅडम घरी येऊन सांगून गेल्या, की घरात सतत टोचून बोललं तर आजार उलटतो असं संशोधन आहे, जरा सांभाळून बोला.

तानाबाईंनी असं काही सांभाळलं की विचारू नका. पोटच्या पोराला त्या अहोजाहो करू लागल्या. "युवराजराव, उठताय का? न्हाय उटलात तरी चालंल." त्यानं आमटीचं पातेलं लवंडलं, तरी बाई हसल्या. गल्ली बिथरली. वेळेवर जाग न आल्यानं माझं तर दोनदा नळाचं पाणी चुकलं. युवराज मात्र पुरता घाबरला. आई इतकं गोड फक्त शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाशी बोलते, हे त्याला ठाऊक होतं. सोमवारी तो डोक्यावरून चादर ओढून पडून राहिला.

मी मॅडमना बोलावून आणलं. युवराज चादरीतूनच म्हणाला, "मी आता बरा हुनार न्हाय, आसं तुमी आईला सांगितलंय."

तानाबाईंनी पदर तोंडाला लावला. "माज्या तोंडापायी ह्यो आजारी पडला. म्हणून गप हाय मी."

इतके दिवस ही बाई हे गिळून बसली होती. मला फार वाईट वाटलं.

मॅडम तिथंच फरशीवर बसल्या. म्हणाल्या, तुमच्या बोलण्यानं आजार झालेला नाही, आणि चूक माझी आहे. या घरात टोचतं काय, हे मी आधी युवराजलाच विचारायला हवं होतं. मग त्यांनी विचारलं.

चादरीतून आधी नाक बाहेर आलं. "तुज्यामुळं घराचं वाटुळं झालं, आसं आई म्हणती ना, ते लागतं," तो म्हणाला. "बाकीचं आसू दे की. बाकीच्याबिगर करमत न्हाय."

तानाबाईंनी मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी मान डोलावली.

"मग ऊट की मुडद्या! मालक काय तुज्या बापाचा गडी हाय, वाट बगत बसायला?"

युवराज हसतच उठला आणि शर्ट शोधू लागला. त्याची भाकरी फडक्यात बांधताना तानाबाई त्याच्या कुळाचा उद्धार करत होत्या, आणि त्यांचे डोळे घळाघळा वाहत होते.