जुन्या कार्डाची मात्रा
रुग्णालयातून निवृत्त होऊनही तिचं ‘सिस्टर’ हे नाव काही सुटलं नाही. शेजारीपाजारी तसंच म्हणत. नवऱ्याने चेष्टेत सुरुवात केली आणि मग त्यालाही तीच सवय लागली.

नवरा बसचा ड्रायव्हर. गुडघ्यांनी दगा दिला आणि त्याच्या हातून स्टेअरिंग गेलं. घरात बसून माणूस इतका चिडचिडा झाला, की त्याच्याशी बोलायचं म्हणजे नाकीनऊ येत. मग सिस्टरच्या भाचीने त्याला एक जुना कॉम्प्युटर जोडून दिला. ती कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. सोबत टेबलाला अडकवायचं स्टेअरिंग आणि बस चालवायचा खेळ. गडी पुन्हा माणसांत आला. सकाळी दाढी करून, शर्ट खोचून ‘ड्यूटीवर’ बसू लागला.

पण घाट लागला की पडद्यावरचं चित्र अडखळायचं. ऐन वळणावर बस गचके खायची आणि थेट दरीत.

“इतकी वर्षं गाडीला साधा ओरखडा पडू दिला नाही,” तो म्हणायचा, “आणि आता रोज चाळीस माणसं दरीत घालतोय.” तो हसत हसत म्हणायचा, पण जेवताना अर्धी भाकरी ताटात टाकून उठायचा.

भाचीने येऊन पाहिलं. “काका, चित्र काढायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. तुमचं कार्ड म्हातारं झालंय. नवं घ्या, नाहीतर आहे त्यालाच थोडं जोरात पळवता येतं. पण बेताने.”

“बेताने नाही केलं तर काय होतं?” सिस्टरने विचारलं.

“तापतं, मावशी. चुकतं, बंद पडतं. फारच ताणलं तर कायमचं जातं.”

तापतं म्हटल्यावर सिस्टरने खुर्ची पुढे ओढली. “मला दाखव,” ती म्हणाली.

भाचीने दाखवलं. एका खिडकीत सरकपट्ट्या होत्या, वेगाची एक, मेमरीची एक, पंख्याची एक. व्होल्टेजची पट्टी भाचीने बोटाने झाकली. “हिला हात लावायचा नाही.” दुसऱ्या खिडकीत कार्डावर मुद्दाम ताण देणारी चाचणी, आणि कोपऱ्यात तापमानाचा आकडा.

सिस्टरने पहिल्या दिवशी वेग वाढवलाच नाही. आधी आहे तसं कार्ड चाचणीला लावलं. आकडा पंच्याऐंशीवर गेला. “हा आधीच तापलाय,” ती म्हणाली, “याला अजून काय पळवायचं?” भाचीच्या मदतीने तिने कार्ड बाहेर काढलं. पंख्याची पाती बोटाने धरून ब्रशने धूळ झाडली. चिपची उष्णता ओढून घेणारी, पण आता वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावली. कार्ड परत बसवलं, तेव्हा त्याच चाचणीत आकडा बहात्तरच्या वर सरकेना.

मग रोज थोडं थोडं. वेग जरासा वाढवायचा, चाचणी लावायची आणि डोळ्यांत तेल घालून पडद्याकडे बघत बसायचं. नवरा मागे येरझाऱ्या घालायचा. “अगं, एकदम वाढव ना.”

“पेशंटला एकदम वाढवतात का?”

एका दुपारी ती भाजी आणायला गेली होती, तेव्हा त्याला राहवलं नाही. त्याने वेगाची पट्टी धरून टोकापर्यंत ओढली. ती परत आली तर पडदा काळा, आणि नवरा हात मांडीवर ठेवून बसलेला.

“मारलं मी त्याला,” तो म्हणाला.

सिस्टरही हबकली, पण चेहऱ्यावर तिने दिसू दिलं नाही. असले चेहरे तिने जन्मभर सांभाळले होते. तिने कॉम्प्युटर बंद केला, थोडा थंड होऊ दिला, पुन्हा सुरू केला. वाढवलेला वेग कॉम्प्युटर सुरू होतानाच आपोआप लागू करायची सोय तिने अजून चालूच केली नव्हती, त्यामुळे कार्ड मूळच्या वेगावर जागं झालं. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला.

“आता या खोलीत माझा हुकूम,” ती म्हणाली. त्याने मान डोलावली.

पुढे वेगाच्या एका पायरीवर पडद्यावर रंगीत ठिपके चमकले. तापमान ठीक होतं, खेळही चालू होता.

“चालतंय की,” नवरा म्हणाला.

“चालतंय, पण झेपत नाहीये.” तिने दोन पायऱ्या मागे घेतलं आणि त्या वेगावर तासभर चाचणी ठेवली. ठिपका नाही, गचका नाही. मेमरीचंही तसंच केलं. मगच तो वेग कायमचा लावला.

रुग्णालयात मात्रा नेहमी डॉक्टर ठरवत आणि ती देत असे. इथे किती द्यायचं आणि कुठे थांबायचं, सगळं तिने ठरवलं होतं. भाजी चिरताना हे तिच्या मनात आलं आणि ती एकटीच हसली.

रविवारी नवऱ्याचा जुना कंडक्टर भेटायला आला. नवऱ्याने घाटाचा रस्ता लावला. कंडक्टर खुर्चीमागे उभा राहिला, सवयीने एक हात वर, जणू दांडा धरलाय. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. बस लोण्यातून सुरी जावी तशी चढत होती. सिस्टरचं लक्ष कोपऱ्यातल्या आकड्यावर. माथ्यावर पोचल्यावर नवऱ्याने हँडब्रेक लावला आणि चष्मा काढून पुसत बसला.

“नवीन मशीन घेतलंस वाटतं,” कंडक्टर म्हणाला.

“छे. तेच जुनं आहे. सिस्टरने चढवलंय.”

कंडक्टरने तिच्याकडे वळून बघितलं. “वहिनी, तुम्ही?”

एरवी ती म्हणाली असती, भाचीने शिकवलं म्हणून जमलं. आज तसं म्हणाली नाही.

“हो,” ती म्हणाली, “मीच केलं.”