टीव्हीजवळची डबी

आमच्या घरच्या टीव्हीवरच्या बातम्या समोरच्या पानठेल्यावर ऐकू येतात, हे मला मुलीने सांगितलं. ती अमरावतीला असते. दोन दिवसांसाठी अकोल्याला, आमच्या जठारपेठेतल्या घरी आली होती. "बाबा, ठेल्यावाल्याच्या घरी टीव्हीच नाही, तो तुमच्यावरच भागवते," ती म्हणाली. अर्थात ओरडून. मी म्हटलं, "मंग चांगलंच हाये. फुकटात ज्ञान भेटून राहिलं लोकाइले." ती हसली नाही.

माझे कान जिनिंगने नेले. आधी मूर्तिजापूर, मग अकोला, अशी तीस वर्षं मी कापसाच्या जिनांवर फिटर होतो. सरकीपासून रुई वेगळी करणारी ती यंत्रं रांगेने सुरू झाली, की शेजारच्या माणसाच्या तोंडातला शब्द त्याच्या तोंडापाशीच मरायचा. म्हणून आम्ही सगळे हातांनी बोलायचो. मूठ वर म्हणजे मशीन थांबव, चिमूट ओठाला म्हणजे चहा. बाकीचं समोरच्याचे ओठ बघून समजायचं. कान गेल्यावर ही विद्या घरी कामाला आली. बायकोनेही ती पटापट उचलली. पाच बोटं तोंडाशी नेली की ताट वाढलंय, हवेत टकटक केली की दारात कोणी आलंय. मुलीचा फोन आला की ती खांद्यावरची न दिसणारी वेणी ओढून दाखवते. मुलीने केस कापून दहा वर्षं झाली, खूण मात्र वेणीचीच राहिली.

मला याचा फार अभिमान होता. ठार बहिरा होत चाललोय, पण संसारात काही अडत नाही, असं पाहुण्यांना छाती फुगवून सांगायचो. कानामागचं मशीन आहे माझ्याकडे. बाहेर जाताना घालतो आणि घरात आलो की चपलांबरोबर तेही काढतो. त्यातून कुकरची शिट्टी आली की मला जिनिंगमध्ये परत गेल्यासारखं होतं. टीव्हीचा आवाज वाढवणं त्यापेक्षा सोपं होतं.

तर मुलीने हेडफोन आणला. लांब वायरचा. तो टीव्हीच्या मागे खोचून दिला आणि ती अमरावतीला परत गेली. त्या संध्याकाळी बातम्या देणारी बाई किती स्पष्ट बोलते ते मला कळलं. मग बायकोची मालिका लागली. ती माझ्या बाजूला बसून पडद्याकडे बघत होती. संपल्यावर मी विचारलं, "कशी झाली?" तिने मान हलवली, म्हणजे बरी झाली. असे चार दिवस गेले. मी खूश होतो.

पाचव्या दिवशी शेजारीण वाटीभर साखर मागायला आली आणि पडद्याकडे बघत उभी राहिली. मग माझ्याजवळ येऊन ओरडली, "काहो, टीव्ही मुका झाला का तुमचा?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हेडफोनची वायर खोचली की टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद होतो. चार दिवस बायको नुसती हलणारी तोंडं बघत बसली होती.

"सांगतलं काहून नाही?" मी विचारलं.

तिचे ओठ मी वाचले. "तुमाले लय दिवसानं ऐकू येऊन राहिलं होतं."

मला शरम वाटली. आणि शरम वाटली की मला राग येतो, हा माझा जुना रोग. मी हेडफोनला शिव्या दिल्या, तो बनवणाऱ्याला दिल्या, मुलीला फोन करून तिलाही चार शब्द सुनावले.

तिने दुसरा पाठवला, बिनवायरचा, ब्लूटूथचा. आता बायकोलाही आवाज येत होता आणि मलाही. पण बातम्यांतली बाई ओठ मिटायची आणि मग तिचा शब्द माझ्या कानात यायचा. उशीर इतका थोडा, की चांगल्या कानाच्या माणसाने तिकडे लक्षही दिलं नसतं. मला मात्र दहा मिनिटांत गरगरायला लागलं. मी तोही परत पाठवला. मुलगी वैतागली. "बाबा, तुमी टीव्ही ऐकून राहिले का तोंडं पाहून राहिले?"

"मी तोंड पाहूनच ऐकतो," मी म्हटलं.

मग ती अमरावतीच्या कानाच्या डॉक्टरांना विचारून आली आणि तिसरी वस्तू आली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, तिच्यात बारीक माइक. डबी टीव्हीजवळ ठेवायची, हेडफोन आपल्या कानाला. डबीने पकडलेला आवाज लगेच कानात, उशीर नाही. दोन्ही बॅटरीवर चालतात, वायर कुठेच नाही. "आठ दिवस वापरून पाहा, मग ठरवू," मुलगी म्हणाली.

हिवाळ्याचे दिवस होते. त्या संध्याकाळी सात वाजता बायको तुरीच्या शेंगा सोलायला बसली होती, टीव्हीच्या टेबलाला टेकून, खाली चटईवर. डबी तिच्या खांद्यापाशीच होती. मी हेडफोन चढवला, टीव्ही लावला, आणि बातम्या नीट सुरूही झाल्या नाहीत तोच लाइन गेली. घरात काळोख.

टीव्ही बंद झाला, पण माझे कान बंद झाले नाहीत. आधी शेंगा फुटल्याचा आवाज आला. मग सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे, भांड्यात पडल्याचा. आणि मग कोणी बाई हळू आवाजात बोलत होती. ती माझी बायको आहे हे कळायला मला वेळ लागला. माझ्याशी बोलताना ती ओरडते, आणि ओरडताना सगळ्यांचे आवाज सारखेच लागतात. तिचा साधा, हळू आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तो म्हातारा झाला होता.

ती स्वतःशीच बोलत होती. "सोले चांगले निघाले... पोरीले पाठवा लागते थोडे." दोन शेंगा फुटल्या. "दिवसभर तोंड उघडाचं कामच नाही रायलं. चहा झाला, जेवन झालं, फोन आला. सारं हातानंच. लय एकटं एकटं लागते मले."

चहाची खूण होती, फोनची होती, अगदी कापलेल्या वेणीचीही होती. याची खूण आम्ही कधी केलीच नव्हती. आणि मी लोकांना सांगत फिरत होतो, की आमचं काही अडत नाही.

मी अंधारात म्हणालो, "कवापासून?"

शेंगा सोलणं थांबलं. तेही मला ऐकू आलं.

"तुमाले ऐकू आलं?"

"आलं."

"किती?"

"सारं."

मला वाटलं, ती आता उठून आत जाईल. मला खरंच भीती वाटली. मग एक शेंग फुटली, आणि ती बोलायला लागली. बार्शीटाकळीच्या बहिणीचं, शेजारणीचं, गुडघ्याचं, तिला पडलेल्या कुठल्याशा स्वप्नाचं. मध्येच लाइन आली आणि टीव्ही धडाधड सुरू झाला. मी उठून तो बंद केला. डबी उचलून तिच्या मांडीजवळ ठेवली.

सकाळी बायकोने खांद्यावरची वेणी ओढून दाखवली. मुलीचा फोन होता. कानामागचं मशीन घालून मी तो घेतला.

"बाबा, हा तरी बरा हाये का? ठेवाचा का परत कराचा?"

"ठेवाचा."

"टीव्ही साफ ऐकू येते ना?"

"टीव्हीचं अजून पाह्यलं नाही," मी म्हटलं.