मामांचं खाकरणं

उमापूरच्या त्या घरात इंटरनेटची वायर पुढच्या खोलीपर्यंतच आली होती, आणि पुढची खोली म्हणजे बंकटमामांची. त्यांचे गुडघे धरल्यापासून मेंढरांमागे मुलगा सोमेश्वर जायचा आणि मामा खाटेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करायचे. सोमेश्वरची बायको रोहिणी शिष्यवृत्तीवर इंग्लंडमधल्या एका नामांकित विद्यापीठाची सार्वजनिक आरोग्याची पदवी घरबसल्या करत होती. भाकरी थापता थापता तिने कानात इअरफोन घालून व्याख्यानं ऐकली होती. आता शेवटचा पेपर उरला होता. तो झाला की पदवी.

परीक्षा कॉम्प्युटरवर. कॅमेरा सुरू, खोलीत दुसरं कुणी नको, चेहरा समोर आणि दोन्ही कान उघडे दिसायला हवेत. ही शेवटची अट वाचून रोहिणी थबकली. लग्न होऊन आल्यापासून मामांसमोर तिच्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नव्हता.

सासू रतनबाईंनी तोड काढली. "त्यास्नी देते पाराकडं धाडून. तू बस खुशाल. मी हाय दाराशी."

"आत्याबाई, कुणालाच आत येऊ देऊ नका बरं."

"कोन येतंय? कुत्रंसुद्धा येत न्हाई बघ."

पेपर चांगला चालला होता. रोहिणी साथीच्या रोगांवरचं उत्तर लिहीत होती, हात भरभर चालत होता. रतनबाई बसल्या जागी जरा पेंगल्या. पारावर कंटाळलेले मामा घराकडे वळले. आत जायचं नाही हे त्यांच्या पक्कं लक्षात होतं. पण अंगणातून जाताना सून संकोचू नये म्हणून त्यांनी जन्मभर केलं तेच केलं. उंबऱ्याबाहेर थांबून ते खाकरले.

रोहिणीचा हात आपोआप वर गेला. पदर डोक्यावर आला, कान झाकले, मान खाली वळली. एका क्षणात तिला काय झालं ते समजलं आणि तिने पदर मागे टाकला, पण कॅमेऱ्याने ते टिपलं होतं.

दोन दिवसांनी विद्यापीठाचा मेल आला. परीक्षार्थीने कान झाकून मान फिरवली, बाहेरून कुणीतरी आवाजाने खूण केल्याचा संशय आहे. खुलासा द्यावा, खोलीबाहेर कोण होतं त्याचं निवेदन जोडावं. नाहीतर पेपर रद्द.

रोहिणीने खुलासा लिहायला घेतला, पण लिहिलेलं तिलाच खोटं वाटू लागलं. सासरे खाकरले म्हणून सुनेने डोकं झाकलं, हे तिकडच्या माणसाला पटायचं कसं?

रतनबाईंनी मामांना सगळं सांगितलं. ते गुडघा चोळत म्हणाले,

"म्हंजे आमी इज्जत राखली अन् तिकडं ती चोरी ठरली?"

"तुमाला कावून उठायचं होतं पारावरनं?" रतनबाई म्हणाल्या.

"तू कावून झोपली होतीस?"

निवेदन मोबाईलवर चित्रित करून पाठवायचं होतं. मामांनी नवा पटका बांधला. रोहिणीने मोबाईल धरला, पदर घेऊनच.

"मी बंकट. हिचा सासरा. त्या दिवशी मी खाकरलो. आमच्यात सासरा आला की सून पदर घेते, तिला कळावं म्हनून आमी खाकरतो. खूण आसंल तर येवढीच. पोरीनं लबाडी केली न्हाई." ते थांबले. रोहिणीला वाटलं, संपलं. पण मामा पुढे बोलले, "अन् हितून पुढं ही माझ्यासमोर पदर घेनार न्हाई. मीच सांगतो."

हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मागून रतनबाईंचा आवाज आला, "लई चांगलं. तुमच्या बापाम्होरं मी जन्म काढला खाली मान घालून. तवा कुनी सांगितलं न्हाई ते."

रोहिणीने चित्रण कापलं नाही. सासूच्या वाक्याचंही तिने इंग्रजी करून पाठवलं.

पंधरवड्याने उत्तर आलं. खुलासा मान्य, पेपर ग्राह्य. रोहिणी उठून पुढच्या खोलीत गेली. एरवी निरोप रतनबाईंकरवी जायचा.

"मामा, पेपर धरला त्यांनी."

पदर खांद्यावर होता. खाटेवरच्या मामांना कुठं बघावं कळेना. कधी भिंतीकडे, कधी स्वतःच्या पायाकडे बघत ते म्हणाले, "बरं झालं." मग जरा वेळाने, अजून खालीच बघत, "बस की, पोरी."

ती खाटेसमोर खाली बसली.