ओळखीचा कावळा

सकाळपासून आभाळ नुसतं कोंदून राहिलं होतं. वारा नाही, ऊन नाही. कालची चादर दोरीवर अजून दमटच. त्यात पहाटे सासूबाईंनी आणखी दोन भिजवलेल्या. त्या धुऊन तिने बादलीत टाकल्या आणि मागच्या दाराजवळच्या खुंटीकडे हात नेला. खुंटी रिकामी. हेल्मेट नवरा कामावर घेऊन गेला होता.

"झालं कल्याण," ती म्हणाली.

घरामागच्या अंगणात कपडे वाळत घालायला हेल्मेट लागतं, हे गल्लीत कुणाला सांगायची सोय नव्हती. अकरा दिवसांपूर्वी बदामाच्या झाडावरून कावळ्याचं एक पिल्लू दोरीखाली पडलं. मांजराच्या तोंडी जाऊ नये म्हणून तिने ते टॉवेलात धरून भिंतीवर ठेवलं. पिल्लू संध्याकाळपर्यंत मेलं आणि बालंट हिच्यावर आलं. तेव्हापासून ती बाहेर दिसली रे दिसली, की कावळा मागून येऊन टाळूवर टोच मारायचा.

फक्त तिलाच. नवऱ्याला नाही, सिलिंडरवाल्याला नाही, शेजारच्या काकूंना नाही. तिने साडी सोडून ड्रेस घातला, काकूंची शाल पांघरली. पठ्ठ्या फसला नाही. तो कपडे बघतच नव्हता, तोंड बघत होता. हेल्मेटची काच खाली ओढली की मात्र गप्प.

मग सासूबाईंना भरवता भरवता तीही खिडकीतून त्याच्यावर पाळत ठेवायला लागली. जोडी होती. एक अँटेनावर पहाऱ्याला, दुसरा खाणं आणायला. टोस्टचा वाळका तुकडा मिळाला, तर तो आधी नळाखालच्या डबक्यात बुडवायचा आणि मऊ झाल्यावरच पिल्लांकडे न्यायचा. इकडे तिच्या हातातला टोस्टही दुधात बुडलेला.

"आपलं खातं एकच रे बाबा," ती एकदा खिडकीतून त्याला म्हणाली.

सासूबाईंचं करायला घरी बसण्याआधी बावीस वर्षं तिने एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत काढली होती. नाव, वय, पत्ता, चला, पुढचे. दिवसाला तीनशे तोंडं समोरून जायची, पण खिडकीआतलं तोंड बघायला फुरसत कुणाला होती? बाजारात एकाने तरी ओळख दाखवली असेल तर शपथ. पुढे सासूबाईंना विसर पडायला लागला, चालणं थांबलं, तशी तिने नोकरी सोडली. तिला 'अगं' म्हणणाऱ्या सासूबाई वर्षभरात 'अहो बाई'वर आल्या.

"अहो बाई, तुम्ही नवीन का?" त्या रोज सकाळी विचारायच्या.

"नवीनच म्हणा."

"आधीची बरी होती. हात हलका होता तिचा."

आधीची म्हणजे हीच. सुरुवातीला तिला रडू यायचं. आता त्यालाही त्राण उरलं नव्हतं.

आज झाडवाला यायचा होता. तिनेच नवऱ्याच्या डोक्याशी कटकट करून त्याला बोलावलं होतं. फांदी गेली की घरटं गेलं, घरटं गेलं की पीडा गेली. तो आला, शिडी लावून वर चढला. दोन्ही कावळे बोंबलायला लागले.

"वहिनी," त्याने वरून हाक मारली, "दोन पिल्लं आहेत. पंख फुटलेत, पण उडत नाहीत अजून. फांदीबरोबर खाली येणार."

ती बादली घेऊन तशीच उंबऱ्याबाहेर आली. "किती दिवस लागतील उडायला?"

"पंधरा धरा. पण साहेब म्हणाले, आजच पाडून टाक."

तेवढ्यात शिडीवरचा कोयतेवाला माणूस सोडून कावळा सरळ तिच्यावर आला. खटकन टोच बसली. ती मटकन खाली बसली, कपाळावर गरम ओघळ आला.

दारातल्या खुर्चीवरून सासूबाई खुदकन हसल्या. "अहो बाई, याची नि तुमची ओळख दिसतेय. एवढी माणसं सोडून तुम्हालाच बरा गाठतो!"

"आहे थोडी."

"मग उपाशी नका पाठवू त्याला."

तिने मान वर केली. कावळा अँटेनावर जाऊन बसला होता, मान तिरकी करून थेट तिच्या तोंडाकडे बघत. एवढं निरखून आपल्याकडे कुणी कधी बघितलं होतं, हे आठवायला वेळ लागला असता. आणि वेळ नव्हता. चादरी तशाच पडल्या होत्या.

"उतरा खाली," ती झाडवाल्याला म्हणाली.

"अहो वहिनी, रक्त आलंय!"

"माझ्या डोक्याचं मी बघते. पंधरा दिवसांनी या."

"आणि साहेबांना काय सांगू?"

"सांगा, वर बाळंतीण आहे."

झाडवाला हसत, मान हलवत शिडी घेऊन गेला. तिने रक्त पुसलं आणि टॉवेल चौपदरी करून डोक्याला करकचून बांधला. एक चादर झटकून दोरीवर टाकली, चिमटे लावले. हवाच ओली, संध्याकाळपर्यंत काही वाळायचं लक्षण नव्हतं. तिने दुसरी पिळायला घेतली.